दोन लिनक्स, एक होम: पासवर्ड बरोबर आहे तरी आत घेत नाही

हळकुंड (शनिवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीची आडत. संगणक शिकलेला माणूस नव्हे, पण गेली काही वर्षं लिनक्सवरच आहे (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम; उबंटू, डेबियन, मिंट, फेडोरा हे तिचेच प्रकार). २०२२ ला पुतण्यानं लॅपटॉपवर उबंटू २२.०४ टाकून दिलं आणि तेव्हापासून एक दिवस अडलं नाही.

अडलं ते गेल्या रविवारी. सगळे डेबियन डेबियन करतात म्हणून शेजारी डेबियन १२ बसवायला घेतलं. २५६ जीबीची एसएसडी आहे. पुतण्यानं वाटण्या (पार्टिशन) आधीच केल्या होत्या: उबंटूला ५०, होमला (जिथं माझे कागद आणि सेटिंग राहतात) १४०, स्वॅपला (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) ८, आणि ४० च्या आसपास मोकळी. त्या मोकळ्या जागेत डेबियन टाकलं. होम नवीन कशाला, आहे तेच दोघांना वापरू म्हणून जुनं होम पार्टिशन फॉरमॅट न करता /होम म्हणून दाखवलं. नाव तेच दिलं, बापू. पासवर्डही तोच.

आता डेबियन चालू होतं, नाव दिसतं, पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत नावाच्या पानावर आणून सोडते. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला तर 'चुकीचा' म्हणतं. म्हणजे बरोबरचा ओळखतं, पण आत घेत नाही. आणि कहर म्हणजे आता उबंटूही तसंच करतं! शिवाय उबंटू चालू व्हायला दीड मिनिट जास्त लागतं.

पेढीचा तीन वर्षांचा हिशेब त्यात आहे. घाबरून हात लावायचा थांबलोय. फोनवरून लिहितोय.

टर्मिनलवाला (रात्री ९:५२)

अण्णा सोपं आहे. परवानग्यांचा घोळ. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, लॉगिन करा आणि सुडो (सर्वाधिकार वापरून) चमॉड -आर ७७७ /होम मारा, म्हणजे होममधलं सगळं सगळ्यांना खुलं. दोन मिनिटांत सुटेल.

मिरजजंक्शन (रात्री ९:५५)

थांबा काका, काहीही मारू नका.

टर्मिनलवाला, ७७७ नं कदाचित लॉगिन होईलही. पण प्रत्येक फाइलची आधीची परवानगी काय होती याची नोंद कुठंच राहत नाही, त्यामुळं मागं फिरता येत नाही. एसएसएचची (दुरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची) खासगी किल्ली 'फार उघडी आहे' म्हणून नाकारली जाते. आणि याच पार्टिशनवर दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर त्याचं कपाटही चौकात उघडं. कुलूप लागत नाही म्हणून भिंत पाडायला सांगतोयस.

काका, आधी तपास. पहिलं, उबंटूच्या नावाच्या पानावर कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड विचारेल. तिथं लॉगिन होतं का आणि काय अक्षरं उमटतात ते सांगा. मग डेबियनमध्ये तेच. परत यायला कंट्रोल ऑल्ट एफ१, नाही जमलं तर एफ२ किंवा एफ७.

दुसरं, उबंटूत तुमच्याशिवाय आणखी खातं आहे का? असेल तर त्यानं आत जाऊन बघा. एक खातं आत जातं आणि दुसरं जात नाही, तर सिस्टिम ठणठणीत आहे, दुखणं त्या एका घरात आहे. दोन्ही जात नसतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर, डिस्क भरलेली, असले प्रकार बघायचे. एवढ्या एका चाचणीनं अर्धी शोधाशोध वाचते.

हळकुंड (रात्री १०:३०)

ताई, केलं.

उबंटूत काळ्या पडद्यावर पासवर्ड घेतला आणि इंग्रजीत आलं: 'नो डिरेक्टरी, लॉगिंग इन विथ होम = /'. डेबियनमध्ये काळ्या पडद्यावर काही न बोलता आत गेलं. पण सुडो टाकलं की 'बापू सुडोअर्सच्या यादीत नाही, या घटनेची नोंद घेतली जाईल' म्हणतं. कोण नोंद घेणार, पोलीस?

दुसरं खातं उबंटूत आहे, 'दुकान' नावाचं. लॅपटॉप मुळात दुकानासाठीच घेतला होता, म्हणून ते पहिलं. पासवर्ड दिवाणजींना ठाऊक. ते मागच्या दिवाळीपासून येत नाहीत, आता झोपले असतील.

घाटावरचा (रात्री १०:४१)

नोंद तुमच्याच मशीनच्या लॉगमध्ये होते अण्णा, विश्रामबाग पोलीस ठाण्यात नाही.

सुडोचं कारण असं: डेबियन बसवताना एका पानावर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतात. तो दिला की रूट वेगळा राहतो आणि तुमच्या खात्याला सुडो मिळत नाही. ते रकाने रिकामे सोडले तरच पहिल्या खात्याला सुडो मिळतं. तुम्ही भरला असणार. मग 'एसयू -' असं लिहून रूटचा पासवर्ड टाका. शेवटचा डॅश विसरायचा नाही. डेबियन १० पासून नुसत्या एसयूला /एसबिनचा रस्ता मिळत नाही, आणि मग 'युजरमॉड सापडत नाही' वगैरे बघून माणूस समजतो की इन्स्टॉलच अर्धवट झालंय.

मिरजजंक्शन (रात्री १०:४८)

'नो डिरेक्टरी' हे फार कामाचं वाक्य आहे. म्हणजे पासवर्डात खोट नाही, पण घरात पाऊल टाकता येत नाही.

'दुकान' हे पहिलं खातं, इथंच मला वास आला. काका, डेबियनच्या काळ्या पडद्यावर रूट होऊन दोन आज्ञा चालवा आणि फोटो नको, आकडे लिहा. मी मोबाइलवर मराठी कीबोर्डात लिहितेय, तुम्ही उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टाइप करा:

एलएस -एलएन /होम
एलएस -एलएनए /होम/बापू

यातला एन महत्त्वाचा. त्यानं नावाऐवजी मालकाचा नंबर दिसतो.

हळकुंड (रात्री ११:१५)

/होम मध्ये: बापू १००० १०००, दुकान १००० १०००.

/होम/बापू च्या आत: पहिली टिंबाची ओळ १०००. बाकी सगळं, डॉट कॉन्फिग, डॉट कॅशे, डॉट लोकल, डॉक्युमेंट्स, सगळं १००१.

मिरजजंक्शन (रात्री ११:२२)

सापडलं.

काका, लिनक्सला 'बापू' कोण ते ठाऊक नसतं. डिस्कवर प्रत्येक फाइलपाशी मालकाचा फक्त नंबर लिहिलेला असतो, यूआयडी. नाव आणि नंबर यांची जोडी असते /ईटीसी/पासडब्ल्यूडी या फाइलीत, आणि ती फाइल प्रत्येक सिस्टिमची स्वतःची. माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. उबंटूत पहिलं खातं दुकान, त्याला १०००. तुम्ही दुसरे, १००१. डेबियनमध्ये तुम्ही एकटे आणि पहिले, म्हणून १०००. नाव तेच, पासवर्ड तोच, पण डेबियनचा बापू म्हणजे उबंटूच्या भाषेत दुकान!

तुमच्या व्यवसायातलं सांगायचं तर पोत्यावर शेतकऱ्याचं नाव नाही, फक्त लॉट नंबर आहे. दोन आडतींच्या दोन वह्या. एकीत १००० म्हणजे तासगावचा माल, दुसरीत १००० म्हणजे वाळव्याचा. पोतं तेच, वही कुठली उघडली त्यावर मालक ठरतो.

एक कोडं मात्र सुटत नाही. आतलं सामान १००१ आणि बाहेरचं दार १०००. दारही १००१ च असायला हवं होतं, तसं असतं तर उबंटू बिघडलंच नसतं. काका, मधे कुणी चोन नावाची, मालक बदलणारी आज्ञा चालवली का? सी-एच-ओ-डब्ल्यू-एन.

भडंग_एक्स्ट्रातिखट (रात्री ११:२६)

चहा टाकतो. आता कबुलीजबाब येणार.

हळकुंड (रात्री ११:३५)

चालवली.

सोमवारी एका ओळखीच्या पोरानं फोनवर सांगितली होती. रूट होऊन 'चोन बापू:बापू /होम/बापू'. काही फरक पडला नाही म्हणून इथं लिहिलंच नाही. आणि हो, खरं सांगायचं तर त्या आधी उबंटू नीट उघडत होतं. फक्त दीड मिनिट जास्त लागत होतं.

मिरजजंक्शन (रात्री ११:४१)

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर मी दहालाच झोपले असते, काका :)

आता चित्र पूर्ण झालं. ती आज्ञा -आर (म्हणजे आतल्या सगळ्यासकट) शिवाय होती, म्हणून फक्त बाहेरच्या फोल्डरचा मालक बदलला. डेबियनचा बापू १०००, तो घरात शिरतो. पण डॉट कॉन्फिग वगैरे कपाटं १००१ च्या नावाची आणि ७०० परवानगीची, फक्त मालकाला उघडणारी. नोमला, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-बटणांच्या व्यवस्थेला, आपली सेटिंग वाचता येत नाहीत, लिहिता येत नाहीत, सेशन कोसळतं आणि तुम्ही पुन्हा नावाच्या पानावर.

उबंटूत उलटं. तिथं तुम्ही १००१, आणि दार झालं १००० चं. उबंटू २१.०४ पासून नव्या होमची परवानगी ७५० असते, म्हणजे परक्याला आत डोकावताही येत नाही. आधी ७५५ असायची. तेव्हा असतं तर निदान डोकावता तरी आलं असतं. म्हणून 'नो डिरेक्टरी'.

एका ओळीच्या आज्ञेनं एका सिस्टिमचं काम झालं नाही आणि दुसरीचं बिघडलं. पण काही पुसलं गेलेलं नाही, हिशेब जागच्या जागी आहे. आता झोपा. उद्या सकाळी बाहेरची डिस्क जोडून आधी प्रत काढू, मग दुरुस्ती.

विश्रामबागी (रविवार, सकाळी ७:५८)

धागा वाचला. माझं वेगळं आहे पण लॉगिनचंच, म्हणून इथंच विचारतो. मीही काल मिंटच्या शेजारी डेबियन टाकलं. माझा पासवर्ड घेतच नाही. चुकीचाच म्हणतो. दहा वेळा तपासला. पासवर्ड आहे [ॲडमिनने काढला]

ॲडमिन (सकाळी ८:०४)

विश्रामबागी, चालू पासवर्ड कृपया इथं लिहू नका. काढला आहे. आता तो बदलाच. आत गेल्यावर.

घाटावरचा (सकाळी ८:२०)

काढायच्या आधी मी वाचला, क्षमस्व. त्यात ॲटचं चिन्ह होतं आणि मला वाटतं तेच मूळ आहे. बसवताना भाषा-देशाच्या पानांवर इंग्रजी म्हणून ब्रिटिश निवडलंत का? ब्रिटिश कीबोर्डात ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल असते. आपल्याकडं मिळणाऱ्या लॅपटॉपची बटणं अमेरिकन. एका पानावर पासवर्ड एका मांडणीत ठरतो, दुसऱ्या पानावर दुसऱ्या मांडणीत टाइप होतो, आणि मधे फक्त काळे ठिपके दिसतात, त्यामुळं कळत नाही.

तपासायची युक्ती: लॉगिनच्या पानावर 'यादीत नाही?' वर टिचकी मारा. नाव टाइप करायचा रकाना येतो, तिथं अक्षरं उघडी दिसतात. एकच ॲट टाइप करून बघा, काय उमटतं ते. एंटर न मारता पुसून टाका. मराठी इनस्क्रिप्ट लावून ठेवलं असेल तर तेही तिथंच कळेल, देवनागरी उमटेल. माझ्या मेहुण्याचा एक अख्खा रविवार त्यात गेला होता, तो 'क' च्या जागी के शोधत बसला होता.

विश्रामबागी (सकाळी ८:३१)

ॲट दाबलं की अवतरणचिन्ह येतंय!! मग ॲटसाठी एंटरच्या शेजारचं बटण शिफ्ट धरून दाबलं, आत गेलो. आता मांडणी बदलतो. आणि पासवर्डही.

हळकुंड (सकाळी १०:१०)

डिस्क जोडली. रूट होऊन बापू आणि दुकान दोन्हींची टार (एकत्र गठ्ठा) करून ठेवली, ७१ जीबी झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुकानात पाणी शिरलं, जुना पीसी आणि त्यातलं सगळं गेलं. तेव्हापासून वर्षातून एकदा प्रत काढायचं ठरवलेलं. या वर्षी राहून गेलं होतं, निमित्तानं झालं म्हणायचं.

आता सांगा. सगळंच १००० करून टाकू का, चोन -आर १०००:१००० /होम?

मिरजजंक्शन (सकाळी १०:१९)

नको! सगळ्या /होम वर -आर लावलं तर दुकान आणि बापू एकाच मालकाचे होतील आणि उबंटूत पुन्हा तुम्हीच बाहेर.

बदलायचा तो डेबियनमधला नंबर. ते चार दिवसांचं बाळ आहे, त्यात तुमच्या नावानं लिहिलेलं काही नाही. उबंटूचा नंबर बदलायला गेलात तर तीन वर्षांत कुठं कुठं १००१ पडून आहे ते शोधत बसावं लागेल. नव्या सुनेनं घराची रीत शिकावी, सगळ्या घरानं बदलायची नाही. (हे फक्त यूआयडीपुरतं बोलतेय, बाकी ठिकाणी माझं मत नेमकं उलटं आहे.)

डेबियनमध्ये, रूट होऊन, आधी 'गेटएंट पासडब्ल्यूडी १००१'. काही उत्तर आलं नाही म्हणजे नंबर मोकळा. मग

ग्रुपमॉड -जी १००१ बापू
युजरमॉड -यू १००१ बापू
चोन -आर १००१:१००१ /होम/बापू

शेवटच्या ओळीत /होम/बापू पूर्ण लिहा, /होम वर थांबू नका. एंटरच्या आधी एकदा मोठ्यानं वाचा.

हळकुंड (सकाळी १०:४०)

दुसऱ्या ओळीला अडलं. 'युजर बापू सध्या अमुक प्रोसेस वापरत आहे' असं काहीसं.

टर्मिनलवाला (सकाळी १०:४४)

अण्णा, तुम्ही बापू म्हणून लॉगिन करून मग एसयू केलंय. ज्या फांदीवर बसलाय तीच कापताय. एक्झिट, परत एक्झिट. पूर्ण बाहेर या, आणि काळ्या पडद्यावर नावाच्या जागी थेट रूट टाका. तरी अडलं तर लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर बापू.

(कालच्या ७७७ बद्दल माफी. मी स्वतःच्या मशीनवर तेच करत आलोय, आज कळलं एसएसएच का रुसतं ते.)

हळकुंड (सकाळी ११:०२)

झालं!!! डेबियन उघडलं. माझेच कागद, माझेच फोटो. आणि उबंटूही उघडलं! ताई, तुमच्या घरी हळद पोचवतो, पत्ता नका देऊ इथं, मिरजेत आमचा माणूस येतोच.

दोनच शंका. डेबियनमध्ये दुकानच्या फोल्डरपुढं नाव नाही, नुसता १००० दिसतो. आणि उबंटूचं दीड मिनिट तसंच आहे.

मिरजजंक्शन (सकाळी ११:१५)

१००० दिसतो कारण डेबियनच्या वहीत आता त्या नंबरचं कुणी नाही. हे तसंच ठेवू नका. उद्या घरातल्या कुणासाठी डेबियनमध्ये खातं काढलंत तर त्याला मोकळा असलेला १००० मिळू शकतो, आणि त्याला न मागता दुकानाच्या हिशेबाची किल्ली मिळेल. त्यामुळं आत्ताच ॲडयूजर --यूआयडी १००० दुकान करून टाका. 'होम आधीच आहे' म्हणून कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि सुडोसाठी युजरमॉड -एजी सुडो बापू, त्यातला ए विसरलात तर बाकीच्या गटांतून नाव कटेल. मग एकदा लॉगआऊट.

घाटावरचा (सकाळी ११:३८)

दीड मिनिटाचं मी सांगतो. पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढं वाढत जाणारे सेकंद दिसत असतील, हद्द १ मिनिट ३० सेकंद. डेबियनचा इन्स्टॉलर आधीचं स्वॅप पार्टिशन दिसलं की न विचारताच कामाला लावतो आणि नव्यानं फॉरमॅट करतो. फॉरमॅट झालं की त्याचा ओळखक्रमांक, यूयूआयडी, बदलतो. उबंटूच्या /ईटीसी/एफएसटॅब मध्ये (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं त्या यादीत) जुनाच क्रमांक आहे. बिचारं त्या नावाच्या माणसाची फाटकावर ९० सेकंद वाट बघतं आणि मग पुढं जातं.

उबंटूत सुडो बीएलकेआयडी चालवा, स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी घ्या आणि एफएसटॅबमधल्या स्वॅपच्या ओळीत जुन्याच्या जागी टाका. फाइलीची प्रत आधी काढा. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी मध्ये रिझ्यूम नावाची फाइल असेल तर तिथंही तोच बदल आणि मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू. पुतण्यानं हातानं वाटण्या केल्या म्हणून हे झालं. उबंटू १७.०४ पासून आपणहून स्वॅप पार्टिशन करत नाही, फाइल वापरतं. तसं असतं तर ही भानगड नव्हती.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा अण्णा: एक लिनक्स हायबरनेट करून दुसरं उघडायचं नाही. झोपलेल्याची सगळी स्मृती त्या सामाईक स्वॅपमध्ये असते, दुसरं येऊन ती जागा वापरतं. त्याहून वाईट म्हणजे झोपलेल्याला वाटत असतं की होम आपण सोडलं तसंच आहे. दुसऱ्यानं त्यात लिहिलं आणि पहिलं जागं झालं की फाइलसिस्टिमचा चुराडा. आत्ताच्या घोळात तुमचं काही गेलं नाही, त्यात जाईल. बंद करायचं तर पूर्ण बंद.

भडंग_एक्स्ट्रातिखट (दुपारी १:०५)

माझी पण एक हजेरी. माझा असाच लॉगिनचा गोल फेरा झाला होता मागच्या वर्षी, नंबर वगैरे सगळं बरोबर. निघालं काय तर डिस्क १०० टक्के भरलेली. सेशनला एक छोटी फाइल लिहायलाही जागा नाही. रूट मात्र आत जात होता, तेच कळेना. मग कळलं, ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. आता डीएफ -एच बघायची सवय लागलीय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी कसं पुराच्या पाण्याला ४० फूट इशारा आणि ४५ धोका, तसं मी डिस्कला ८५ आणि ९५ ठरवलंय.

विश्रामबागी (दुपारी १:४०)

मीही होम सामाईक करायच्या विचारात होतो. मिंट आणि डेबियन. करू का?

घाटावरचा (दुपारी २:१०)

माझं मत: नको. नंबर जुळवलेत तरी नको.

होममध्ये फक्त तुमचे कागद नसतात, टिंबानं सुरू होणाऱ्या फोल्डरांत प्रत्येक प्रोग्रॅमचे स्वभावही असतात. अण्णांच्या उबंटू २२.०४ मध्ये नोम ४२, डेबियन १२ मध्ये नोम ४३. दोघं एकाच डीकॉन्फमध्ये (नोमच्या सेटिंगच्या वहीत) आपापलं लिहिणार. एकाचं एक्स्टेन्शन दुसऱ्याला चालत नाही, एकाची थीम दुसऱ्याकडं नाही. फायरफॉक्स तर २०१९ च्या ६७ पासून नव्या आवृत्तीनं वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायलाच नकार देतो, नवं प्रोफाइल कर म्हणतो. रोज काहीतरी किरकिर. आणि दोष कुणाचा ते कळत नाही, कारण तुम्ही डेबियन दुरुस्त करता तेव्हा बिघाड उबंटूनं केलेला असतो.

प्रत्येकाला आपापलं छोटं होम द्या, मूळ पार्टिशनच्या आतच. कागद, फोटो, गाणी, हिशेब यांना वेगळं पार्टिशन, समजा /माल, आणि दोन्हीकडून तिथं सिमलिंक (तिकडं नेणारी पाटी). ईएक्सटी४ असेल तर नंबर तरीही जुळवावेच लागतात, त्यातून सुटका नाही. विंडोजही हवं म्हणून त्याची मांडणी, एनटीएफएस, ठेवलीत तर मालक कोण ते माउंट करताना यूआयडी सांगून ठरतं, तिथं हा झगडा होत नाही, पण परवानग्या ढोबळ राहतात.

मिरजजंक्शन (दुपारी २:३०)

घाटावरच्या काकांशी बव्हंशी सहमत. पण हळकुंड काकांचं आता चाललंय, तर आजच मोडू नका. किरकिर सुरू झाली की वेगळं करा.

फेडोरावाले कुणी वाचत असतील तर एक भर. तिथं नंबर जुळले तरी एसईलिनक्सची (तिथल्या जादा सुरक्षेची) लेबलं आडवी येतात. उबंटूनं बनवलेल्या फाइलींवर ती नसतात. रिस्टोरकॉन -आर /होम, किंवा मुळात /.ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाइल करून रिस्टार्ट. आणि फार जुनं फेडोरा कुणाकडं असेल, १५ किंवा आधीचं, तर तिथं खाती ५०० पासून सुरू व्हायची, १६ पासून १००० झाली.

जुन्या उबंटूत होम एन्क्रिप्ट केलं असेल तर प्रकरण वेगळंच. दुसऱ्या सिस्टिममधून बघितलं की घरात एक रीडमी आणि 'ॲक्सेस युअर प्रायव्हेट डेटा' एवढंच दिसतं. घाबरून फॉरमॅट करू नका, सामान आहे, ईक्रिप्टएफएस नावाच्या कुलपामागं आहे. १८.०४ पासून इन्स्टॉलरमधला तो पर्याय गेला.

टर्मिनलवाला (दुपारी ३:१५)

मी एकदा हुशारी केली होती. नव्या डेबियनच्या /ईटीसी/शॅडो (पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवणारी फाइल) मधली माझी ओळ उचलून जुन्या उबंटू १८.०४ मध्ये चिकटवली, म्हणजे पासवर्ड आपोआप सारखा. जुन्यानं घेतलाच नाही. डेबियन ११ पासून पासवर्ड येस्क्रिप्ट नावाच्या पद्धतीनं साठवतात, ओळीत डॉलर वाय डॉलर दिसतं. १८.०४ ला ती भाषाच येत नाही. शेवटी ग्रबमध्ये (चालू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या यादीत) ई दाबून, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडून, मूळ पार्टिशन लिहिण्याजोगं करून पासवर्ड नव्यानं दिला. कॉपी करू नका, दोन्हीकडं पासडब्ल्यूडी (पासवर्ड बदलायची आज्ञा) चालवा.

भडंग_एक्स्ट्रातिखट (दुपारी ३:२१)

आणि हेच कुणीही तुमच्या लॅपटॉपवर करू शकतं, हे लक्षात आलं का? तीन मिनिटांत, पासवर्डशिवाय.

टर्मिनलवाला (दुपारी ३:२४)

आत्ता आलं.

हळकुंड (सोमवार, रात्री ८:५०)

उशिरा लिहितोय, आज सौदे होते. स्वॅपचा क्रमांक बदलला, रिझ्यूमची फाइल होती, तिथंही बदलला. उबंटू आता पहिल्यासारखं झटकन उघडतं. दुकानचं खातंही डेबियनमध्ये काढलं, त्याच नंबरचं. एफएसटॅबची प्रत आधी काढली होती, बरं झालं, पहिल्या वेळी एक अक्षर चुकलं होतं.

ग्रबमध्ये मात्र काल उबंटू अपडेट केल्यावर डेबियनचं नावच गायब आहे. यादीत फक्त उबंटू.

दिवाणजींना फोन केला होता, पासवर्ड विचारायला. म्हणाले, तुमच्याच गाडीचा नंबर आहे. जुन्या गाडीचा. ती विकून चार वर्षं झाली, आरसी शोधतोय.

घाटावरचा (रात्री ९:०५)

ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवतात. उबंटूत /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा, शेवटी ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घाला, मग सुडो अपडेट-ग्रब. डेबियन सापडल्याचं पडद्यावरच लिहून येईल.

आरसी नका शोधू. उबंटूत बापूला सुडो आहे ना? सुडो पासडब्ल्यूडी दुकान. नवा द्या.

हळकुंड (रात्री ९:३२)

दोन्ही झालं. आरसी पण सापडली, विम्याच्या फाइलीत होती.